आधी कल्ले दाखवा

मिरकरवाड्याच्या जेटीवर उभा राहिला की रत्नागिरीकर हायकोर्टाचा जज्ज होतो. बांगड्याचे कल्ले उचकटून बघणार, डोळा बसलाय का बघणार, पोटाला बोट लावून खळगा राहतो का बघणार, आणि "कालचा दिसतोय" असा निकाल देऊन वर भाव पाडून मागणार. मासेवाली त्यावर जे ऐकवते ते छापण्यासारखं नसतं. तोच माणूस तासाभराने मारुती मंदिरापाशी दातांच्या दवाखान्यात जातो, खुर्चीत आडवा होतो, 'आ' करतो आणि डोळे मिटून घेतो. ट्रेमधली हत्यारं आपल्याआधी कोणाच्या तोंडात होती, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. आला तरी विचारणार कसा? ड्रिल डॉक्टरांच्या हातात असतं.

तपासणी तो करतोच, पण भलत्याची. एसी आहे, सोफा मऊ आहे, भिंतीवर पदव्या टांगल्यात. आणि कोपऱ्यात निळा उजेड फेकणारं काचेचं कपाट आहे, आत चिमटे-आरसे ओळीने मांडलेले. "सगळं मशीनमधून काढून देतात हो," असं घरी सांगायला एवढं पुरतं. आता हा निळा दिवा म्हणजे अतिनील किरण. ते जिथे थेट पडतात तिथलेच जंतू मरतात. हत्याराची खालची बाजू, चिमट्याचा सांधा, ड्रिलचं पोट, इथे ते पोचतच नाहीत. निर्जंतुक केलेली हत्यारं नंतर ठेवायला हे कपाट ठीक. पण घाण हत्यार त्यात ठेवलं तर ते निळ्या उजेडातलं घाण हत्यार होतं, इतकंच.

खरं काम करणारा गडी आतल्या खोलीत, मोरीशेजारी असतो: ऑटोक्लेव्ह. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने 1879 मध्ये तो बनवला, आणि त्याच्यापुढे फार काही सुचलेलं नाही. 121 अंश, 15 पौंड दाब, किमान 15 मिनिटं. 134 अंशांवर तीन-चार मिनिटांत भागतं. शिवाय तापायला वेळ, वाळायला वेळ. आणि जुलैच्या पावसात मध्येच महावितरण आपली हजेरी लावून गेलं, तर फेरा पहिल्यापासून. बाहेर सात पेशंट बसलेले, त्यातले तिघे घड्याळ बघतायत, एक एसटी चुकेल म्हणून उभाच आहे. अशा वेळी आतून आवाज येतो, "स्पिरिटने पुसून घे गं." या चार शब्दांवर कितीतरी दुपारी निघून जातात.

पुसून काय होतं? हँडपीसचं, म्हणजे आपण ज्याला ड्रिल म्हणतो त्याचं, बाहेरचं अंग पुसलं जातं. आतली टर्बाइन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते, आणि थांबताना तोंडातली लाळ, रक्त थोडंसं आत ओढून घेऊ शकते. पुढचा पेशंट आला, पेडल दाबलं की तेच बाहेर. उलटं ओढू नये म्हणून झडप असते, पण झडपाही झिजतात. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस वाफेत गेलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सीडीसीने 2003 च्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांतही हेच शिकवतात, खेडच्या कॉलेजातही वेगळं काही शिकवत नसावेत. शिकवण्याबद्दल तक्रार नाहीच.

पण हत्यारं निदान दिसतात तरी. पाणी दिसत नाही. ड्रिल चालताना थंडाव्यासाठी जो फवारा उडतो, तो खुर्चीच्या पोटातून जाणाऱ्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या प्लॅस्टिक नळ्यांतून येतो. नळी अरुंद, भिंतीलगत पाणी जवळजवळ हलत नाही, आणि दिवसाचा बराच वेळ तर ते नुसतं उभंच असतं. शीळ धरणातून निघालेलं पाणी, नगरपालिकेने क्लोरीन घातलेलं असलं तरी, इमारतीच्या टाकीत मुक्काम करून या नळीत शिरतं आणि आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. ही काही नवी बातमी नाही. ब्लेक नावाच्या संशोधकाने 1963 मध्येच ब्रिटिश दंतवैद्यकाच्या नियतकालिकात हे मांडलं होतं. सीडीसीची मर्यादा एका मिलिलिटरला 500 जिवाणू-वसाहतींची. लक्ष न दिलेल्या नळ्यांत हा आकडा लाखाच्या घरात सहज जातो. धडधाकट माणूस हे गिळून घरी जातो आणि त्याला काही होत नाही, म्हणून तर कोणाचं काही अडत नाही. पण इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांची एक बाई दातांच्या उपचारानंतर लिजनेअर आजाराने गेली, आणि तिला बाधलेला जंतू दवाखान्याच्या त्याच नळीत सापडला.

इटली लांब आहे म्हणाल, तर तमिळनाडूत या. तिरुपत्तूर जिल्ह्यातलं वाणियंबाडी, चामड्याच्या धंद्याचं गाव. 2022-23 मध्ये तिथे मेंदूला होणाऱ्या मेलिऑयडोसिसचे रुग्ण एकामागून एक निघाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी माग काढला तो एका दातांच्या दवाखान्यापर्यंत पोचला. रुग्णांतल्या 10 जणांनी तिथे उपचार घेतले होते, त्यातले 8 जण दगावले. कारण वाचून हसावं की रडावं कळत नाही. सलाइनची बाटली हिरडी सोडवायच्या हत्याराने उघडायची, काम झालं की तोंडाला सैल कापूस लावून ठेवायची, आणि पुढच्या पेशंटला पुन्हा तीच. कारखान्यातून निर्जंतुक आलेली बाटली, दवाखान्याने तिची वाट लावली. मेलिऑयडोसिसचा जंतू माती-पाण्यात राहणारा आणि पावसाळ्यात फोफावणारा. किनारी कर्नाटकातल्या डॉक्टरांची त्याच्याशी जुनी ओळख आहे. आपला किनारा कर्नाटकाच्याच वरचा, आणि पाऊस आपल्याकडे काही कमी नाही.

मग बघतं कोण? दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याला 2016 च्या नियमांनी पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी रंगवारी ठरवून दिलीय. आत तोंडात जाणाऱ्या पाण्याचा रंग विचारायला कोणी येत नाही. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा नर्सिंग होमचा कायदा खाटा मोजतो. दातवाल्याकडे खाट नसते, खुर्ची असते. खुर्ची सुटली.

आता डॉक्टरांची बाजू मांडली नाही तर हे सदर वाचून माझाच दात कोणी धरायचं नाही. रोज वाफेत शिजला की हँडपीस लवकर झिजतो. एक आत, एक वाळतोय, एक हातात, असं करायचं तर चार-पाच हवेत, आणि ते काही भाजीच्या भावाने मिळत नाहीत. नळ्यांत घालायचं औषध वेगळं. ऑटोक्लेव्ह खरंच मारतो का हे बघायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचे बीजाणू त्यात घालून आठवड्याला परीक्षा घ्यायची, त्याचा खर्च वेगळा. पाकिटावरची पट्टी काळी पडते ती उष्णता लागली एवढंच सांगते, मेले का ते नाही. हे सगळं करणारे डॉक्टर या गावात आहेत, आणि आपण त्यांच्याशी दात काढायला पन्नास रुपये कमी करा म्हणून भांडतो. शेजारचा तेवढ्यात करतो म्हणतो. शेजारचा कशात काटकसर करतो, ते मात्र विचारत नाही.

विचारायला फार शिक्षण लागत नाही. "पाकीट माझ्यासमोर फोडा." "हँडपीस बदललात का?" "पाणी बाटलीतलं की टाकीतलं? नळीत औषध कधी घातलं होतंत?" "दात काढताना सलाइनची नवी बाटली उघडणार ना?" चांगला डॉक्टर खूश होतो, कोणीतरी आपल्या ऑटोक्लेव्हची विचारपूस केली याचं त्याला अप्रूपच वाटतं. जो चिडतो, त्याच्याबद्दल तुम्हाला फुकटात माहिती मिळाली.

आणि मुंबईच्या चाकरमान्यांना एक खास सूचना. गणपतीला गावी आलात की तिकडच्यापेक्षा स्वस्तात रूट कॅनाल उरकून घ्यायची तुमची पद्धत जुनी आहे. पण गौरी-गणपतीत दवाखाना चार-पाच दिवस बंद असतो, आणि नळीतलं पाणीही तितकेच दिवस उभं असतं. निघायची गाडी धरायची म्हणून उघडल्या दिवशी सकाळी साडेनऊचा पहिला नंबर वशिल्याने लावून घेता. नळ्या नीट धुऊन घेतल्या का, हे विचारल्याशिवाय बसू नका. नाहीतर तो नंबर मोठ्या मनाने सासरेबुवांना सोडा.