दोन मिनिटांचं काम

अण्णा आमच्याकडे वायफाय जोडायला आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला टेस्टर होता. वायफायला टेस्टर कशाला, असं मी विचारलं नाही. अण्णांना काही विचारलं की ते उत्तर देतात, आणि ते सुरू झालं की मग चहा ठेवावा लागतो.

"काय, डोंगल आणलास? दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. सकाळचे साडेनऊ झाले होते. पंचांगातली घटिका चोवीस मिनिटांची असते हे ठाऊक आहे; अण्णांच्या मिनिटाचं माप मात्र मला अजून कुठल्याच पंचांगात सापडलेलं नाही.

झालं होतं असं, की डोंबिवलीतल्या आमच्या जागेत संगणक इतकी वर्षं हॉलमध्ये, राउटरच्या शेजारी होता. हातभर वायर, काम फत्ते. यंदा मुलीची दहावी, म्हणून तो उचलून आतल्या खोलीत नेला. लॅपटॉपच्या पोटात वायफाय असतंच, डेस्कटॉपच्या असेलच असं नाही, हे आम्हाला तो आत नेल्यावर कळलं. मग दुकानातून करंगळीच्या नखाएवढा एक डोंगल आणला. दुकानदार म्हणाला, लावला की चालू. लावला. काही चालू झालं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक पिवळं उद्गारचिन्ह तेवढं आलं. बायको म्हणाली, "अण्णांना हाक मारा."

प्रत्येक इमारतीत एक अण्णा असतात. आमचे तळमजल्यावर राहतात. दूरध्वनी खात्यात नोकरी झाली, त्यामुळे जगातल्या कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना जोडता येतात अशी त्यांची श्रद्धा आहे. एके काळी घरी फोन लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि अण्णा वायरचं भेंडोळं घेऊन दारात आले की घरातली माणसं पेढ्यांना पळत. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, ती तारीख ते स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन सांगतात. त्या काळच्या मॉडेमचा तो किंचाळण्याचा आवाज ते तोंडाने हुबेहूब काढतात. गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमात दर वर्षी आग्रह होतो. म्हणजे, आग्रह होईपर्यंत ते स्टेजजवळून हलत नाहीत.

त्यांच्याबरोबर पिशवी असते. कोणे एके काळी शालूबरोबर मिळालेली, कापडी. तिच्यात टेलिफोनच्या वायरी, कधीच मेलेल्या मोबाइलचे चार्जर, मोडलेल्या अँटेना आणि इन्सुलेशन टेपचं शेवट न सापडणारं रीळ. काही टाकायचं म्हटलं की एकच वाक्य : "असू दे, लागतं." काकू म्हणतात, "मी गेले की मलाही त्यातच ठेवतील. लागेल म्हणून."

तर, अण्णांनी डोंगलच्या डबीतून एक छोटी सीडी काढली. "ड्रायव्हर. याच्याशिवाय कॉम्प्युटरला कळणार कसं, की पाहुणा आलाय? पाहुणा कोण, हे कुणीतरी सांगायला नको?" हे बरोबर होतं. पण सीडीचा ट्रे उघडेना. अण्णांनी पिशवीतून एक पेपर क्लिप काढली, सरळ केली आणि ट्रेखालच्या टाचणीएवढ्या भोकात खुपसली. ट्रे बाहेर आला. त्यात आधीच एक सीडी होती : मुलीच्या बारशाची.

पुढची चाळीस मिनिटं वायफायचं नाव कुणी काढलं नाही. माझी आई त्यात होती. हल्ली नसलेली बरीच माणसं होती. आणि पाळण्यामागे, प्रत्येक दृश्याच्या कडेला, एक्स्टेंशन बोर्ड हातात उंच धरून अण्णा उभे होते. केस काळे. "त्या व्हिडिओवाल्याची वायर पुरत नव्हती," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला. मग चहा झाला. अण्णा चहा अर्धाच घेतात. फक्त तो तीन-चार वेळा घेतात.

सीडीवरचा ड्रायव्हर जुना निघाला. नवा इंटरनेटवर होता आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय येणार नव्हतं. या पेचाचा अण्णांना मनापासून आनंद झाला. त्यांनी खुर्ची ओढली, पिशवी पुन्हा उघडली. तेवढ्यात मुलीने स्वतःचा मोबाइल केबलने संगणकाला लावला, मोबाइलचं नेट त्याला दिलं आणि ड्रायव्हर उतरवून घेतला. एकूण वेळ : खरोखरची दोन मिनिटं.

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहे. पण हे तात्पुरतं झालं."

आणि तात्पुरतंच झालं. वायफाय लागलं, पण कांडी एकच. पान उघडेपर्यंत पोळी लाटून भाजून व्हायची. शिवाय मोबाइलवर राउटरची दोन नावं दिसत, संगणकावर एकच. "पाचवालं दिसणारच नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्या या स्वस्तातल्या डोंगलला दोन पॉइंट चार गिगाहर्ट्‌झच कळतं. तेच बरं. पाचवाला पळतो जोरात, पण भिंत दिसली की बसतो. दोन पॉइंट चारवाला हमाल आहे, भिंतीतून वाट काढतो." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "वहिनी, मायक्रोवेव्ह बंद ठेवा हो, त्याच्याही लहरी ह्याच घरातल्या!" बायकोने भात गॅसवर गरम केला.

नंतर इमारतीची पाहणी झाली. अण्णा मोबाइल हातात धरून जिन्याने वर-खाली करत होते, वाटेत भेटेल त्याला "तू कितव्या चॅनेलवर?" असं विचारत होते. दोन पॉइंट चारमध्ये तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या पायात न येणारे तीनच : एक, सहा आणि अकरा. "सगळे सहावर बसलेत," अण्णा परत येऊन म्हणाले, "लोकलच्या चौथ्या सीटसारखे. अकरा मोकळा आहे." राउटर अकरावर गेला. कांड्या दोन झाल्या.

मग ते टेबलाखाली गेले. साठी कधीच उलटलेला माणूस टेबलाखाली जातो तेव्हा घरातल्या सगळ्यांचा श्वास अडकतो. "मागे लावलास होय? पत्र्याच्या पेटीमागे? त्याला गुदमरायला होणार नाही?" पिशवीतून यूएसबीची लांब वायर निघाली (लागतं!), डोंगल तिच्या टोकाला बसून टेबलावर आला. मी वायर पुढच्या निळ्या भोकात खोचायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "निळ्यात नको. काळ्यात लाव."

आता मात्र मला हसू आलं. दारात लिंबू-मिरची बांधतात त्यातला प्रकार वाटला. रात्री सहज शोधून पाहिलं. निळी भोकं म्हणजे बहुधा यूएसबी ३.०, आणि त्यांच्यातून डेटा जाताना होणारा गोंगाट नेमका दोन पॉइंट चारच्याच पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर लिहून ठेवलेलं आहे. अण्णांबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. ते वेळ खातात, पसारा करतात, प्रत्येक गोष्ट नळ आणि टाकीचा दाखला देऊन दोनदा सांगतात, आणि शेवटी बरोबर निघतात.

तीन कांड्या झाल्या होत्या. मला पुरे होत्या. मुलीलाही पुरे होत्या. दुपारचे तीन वाजले होते, काकूंचे दोन निरोप येऊन गेले होते. अण्णा मात्र हॉल आणि आतली खोली यांच्यामधल्या दारात उभे राहून एक डोळा मिटून बघत होते, कॅरममध्ये क्वीनवर नेम धरावा तसे. राउटरपासून डोंगलपर्यंत त्यांनी हवेत बोटाने रेघ ओढली. बोट आमच्या लोखंडी कपाटाशी थांबलं.

"हा बघ. हा इथे उभा आहे, आणि तू त्या बिचाऱ्या डोंगलला बोल लावतोस."

कपाट माझ्या आईचं. बावीस वर्षं जागचं हललं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलं, मी आणि सूचना देणारे अण्णा अशा चौघांनी ते दीड फूट सरकवलं. मागे एक पेला, एक रबरी चेंडू आणि विजेची काही जुनी बिलं सापडली. बिलं अण्णांनी घडी घालून पिशवीत टाकली.

आता चार कांड्या आहेत. आतल्या खोलीचं दार पूर्ण उघडत नाही. गेले सात महिने आम्ही सगळे त्या खोलीत तिरके होऊन जातो, आणि अण्णा येतात तेव्हा तेही तिरके होऊनच येतात, पिशवी आधी आत सरकवून.