एका वेळी एकच

तीस वर्षं मी सांगलीत नववी-दहावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्या तीस वर्षांत माझं गाजलेलं वाक्य एकच: ‘प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला.’ पोरं माझी नक्कल करायची तीही याच वाक्याने. गॅदरिंगला दर वर्षी कोणीतरी कापसाच्या मिशा लावून, खडूचा तुकडा हवेत नाचवत ते म्हणायचं आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या यायच्या.

ओहमच्या नियमाच्या प्रयोगाला तर हे वाक्य मी तीनदा म्हणत असे, वर ओहमची गोष्ट. ओहमही शाळामास्तरच, जर्मनीतल्या कोलोनचा. त्याच्या काळच्या बॅटऱ्या लहरी. प्रयोग चालू असतानाच त्यांचा जोर उतरायचा. मग प्रवाह कमी झाला तो तार बदलल्यामुळे की बॅटरी दमल्यामुळे, हे कळणार कसं? पठ्ठ्याने बॅटरी बाजूला ठेवली. तांबं आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात तापवला, दुसरा बर्फात ठेवला. आता जोर कायम, बदलते ती फक्त तार. १८२७ साली त्याचा नियम छापून आला.

एका वर्षी सत्तेचाळीस नंबरने (मला विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नाहीत, हजेरी नंबर राहतात) एकदमच सेलही वाढवले आणि नायक्रोमची तारही बदलली. ॲमीटरचा काटा टोकाला जाऊन थरथरायला लागला. ‘कशामुळे झालं हे?’ मी विचारलं. ‘सर, दोन्हीमुळे,’ तो म्हणाला. तास संपेपर्यंत त्याला मी प्रयोगशाळेच्या बाहेर उभा केला.

हा सत्तेचाळीस नंबर आता स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझा लॅपटॉप त्याच्याकडचाच. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंड-हँड, विटेसारखा जड. ‘सर, तुमचं काम म्हणजे मराठी टायपिंग, मेल आणि यूट्यूब. लिनक्स टाकून देतो, निवांत चालेल,’ असं म्हणून त्याने दिला. लिनस टोरवाल्ड्सने हे लिनक्स १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना छंद म्हणून सुरू केलं होतं. ही माहिती मी ओळखीच्या सगळ्यांना ऐकवली. लॅपटॉपही निवांत चालला. चार वर्षं मला त्याच्याबद्दल बोलण्यासारखं दुसरं काही मिळालं नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. विषय मीच सुचवला: ‘प्रयोगशाळेतली शिस्त’. लेख लिहून झाला, शेवटचा हात फिरवायचा राहिला होता, द्यायला तीन दिवस होते. आणि पडद्यावर चौकट आली की नवी आवृत्ती तयार आहे, अपग्रेड करायचं का?

‘आधी लेख पाठवून द्या,’ बायको म्हणाली.

‘त्याचा याच्याशी काय संबंध?’ मी म्हणालो आणि बटण दाबलं.

पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाच्या पाण्याकडे बघतो, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, तसा मी त्या सरकत्या पट्टीकडे बघत बसलो. चाळीस टक्के झाले, पंचेचाळीस झाले. कोणीही माळ्यावर सामान टाकलं नाही. शंभर झाले, मशीन बंद होऊन चालू झालं, नवं चित्र आलं, छान दिसलं. फक्त वायफायची खूण गायब.

त्या क्षणी बिघाड नेमका एक होता, हे लक्षात ठेवा. मला ते राहिलं नाही.

काय झालं होतं ते आता सांगू शकतो, कारण आता मला ते समजलं आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ही दाराची चौकट समजा. बहुतेक यंत्रांचे ड्रायव्हर चौकटीतच बसवलेले असतात. पण काही कंपन्या आपली कृती कोणाला दाखवत नाहीत, घरचा कांदा-लसूण मसाला डब्यात भरून देतात पण प्रमाण सांगत नाहीत, तसं. माझ्या लॅपटॉपातली वायफायची चिप अशाच एका कंपनीची, नाव घेत नाही. तिचा ड्रायव्हर बाहेरून आणलेलं दार. चौकट बदलली की ते दर वेळी नव्याने तासून बसवावं लागतं. हे काम करणारा सुतार यंत्रातच असतो आणि तो आपणहून येतो. या वेळीही आला होता. पण दार इतकं जुनं की नव्या चौकटीत बसेना. सुतार तशी चिठ्ठी लिहून गेला. ती चिठ्ठी यंत्राच्या नोंदवहीत होती. मी ती वाचली नाही, कारण नोंदी वाचा हे मी पोरांना सांगायचो, मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी फोन हातात घेतला आणि उपाय शोधू लागलो. जगात माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. फोन डाव्या हातात, चष्मा कपाळावर, उजव्या हाताने एकेक अक्षर बघून टायपिंग. एका तासात मी सात उपाय केले. एकेक करून तपासले असते तर ठीक. मी म्हटलं, दर वेळी बंद-चालू करण्यात वेळ जातो, सातही करू आणि मग एकदाच बघू.

त्यातल्या एका उपायाने मी सुरुवातीच्या ओळीत ‘नोमोडसेट’ नावाचा शब्द घातला. तो पडदा काळा पडणाऱ्यांसाठी असतो. माझा पडदा ठणठणीत होता. दुसऱ्याने काळ्या यादीत एक नाव लिहिलं. काळी यादी म्हणजे ज्यांना वर्गाबाहेर उभं करायचं अशा ड्रायव्हरांची यादी. ही कल्पना मला ओळखीची वाटली आणि उत्साहात मी नाव कुणाचं आहे ते पाहिलंच नाही. उरलेले पाच काय होते ते मला आजही सांगता येणार नाही.

मशीन पुन्हा चालू केलं. वायफाय नाही. अक्षरं मात्र फुगून लाडवाएवढी झालेली. यूट्यूबसाठी इंटरनेट नव्हतं म्हणून साठवलेलं एक भजन लावून पाहिलं, तर आवाज नाही, आणि आवाजाच्या खुणेपुढे लिहिलेलं, ‘डमी आउटपुट’.

‘बरं झालं, आता चष्मा लागणार नाही तुम्हाला,’ बायको अक्षरं बघून म्हणाली. मग म्हणाली, ‘अहो, त्या पोराला फोन करा की.’

सत्तेचाळीस नंबरला फोन? ओहमच्या प्रयोगात सेल आणि तार एकदम बदलणाऱ्याला? मी रात्रभर विचार केला आणि सकाळी निष्कर्ष काढला की हा हार्डवेअरचा बिघाड आहे. पुरावा असा की सॉफ्टवेअरचे सात उपाय करूनही तो गेला नव्हता. शिवाय माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हरचा संच होता.

खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी धुळीची गादी बसली होती, गोधडीच्या तुकड्यासारखी सलग, चिमटीत धरून उचलता येईल अशी. कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात भडंगातलं शेंगदाण्याचं फोलपट, कढीपत्त्याचं एक अख्खं पान आणि चुरमुऱ्याचे दोन दाणे. चार वर्षं मी त्याच्यासमोर बसून भडंग खात होतो, त्याची ही नोंद. ब्रशने सगळं झाडलं, मऊ कापड घेऊन कडा पुसल्या. प्रसन्न वाटलं. इथे झाकण लावलं असतं तर हा लेख एका पानात संपला असता.

पण आत एक गोल सेल दिसला. सीआर २०३२. याचं नावच त्याचं माप असतं, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२, वर्गात सांगायला फार छान गोष्ट, माझ्यासमोर वर्ग नव्हता एवढंच. कालच्या उपायांपैकी एकात ‘सगळी वीज तोडा’ असं म्हटलं होतं. मोठी बॅटरी काढली, हाही काढला. काढल्यावर मल्टिमीटर लावून मोजला: ३.१ व्होल्ट. म्हणजे ठणठणीत. आधी मोजायचा असतो.

सेल काढताना एक फीत आडवी येत होती, कागदाहून जरा जाड, नखाएवढी रुंद. ती हळूच बाजूला केली. ती टचपॅडची होती आणि हळूच बाजूला करायची नसते. तिच्या तोंडाशी एक काळी पट्टी असते, ती उचलायची, फीत काढायची, परत घालून पट्टी दाबायची. मी फीत नुसती टेकवून ठेवली.

मग स्क्रू. सगळे मोजून बशीत ठेवले होते, सगळे मोजून परत लावले, एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. याचा मला फार अभिमान वाटला. लॅपटॉप सुलटा केला तेव्हा टचपॅडच्या डाव्या बाजूला, मनगट टेकतं तिथे, मुरुमासारखा एक टोकदार उंचवटा आला होता. स्क्रूंची संख्या मी मोजली होती, लांबी नाही. लांबाच्या जागी आखूड गेला होता आणि आखडाच्या जागी लांब, आणि त्या लांबाने वर येऊन जगाकडे बघायचा प्रयत्न केला होता.

चालू केलं. एकदा किंचाळून मशीन म्हणालं की तारीख-वेळ लावा. आतल्या पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २०१२. क्षणभर मला बरंच वाटलं; २०१२ साली मी नोकरीत होतो, केस होते. तारीख लावली. पुढे गेलो. वायफाय नाही, आवाज नाही, अक्षरं लाडवाएवढी आणि आता टचपॅडही नाही, वर मुरूम. म्हणजे एका बिघाडाचे पाच झाले होते. त्या रात्री मी जुन्या सवयीने वहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने आखले. निरीक्षणाचा रकाना खालपर्यंत भरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी छत्री आणि लॅपटॉप घेऊन स्टेशन रोडला गेलो.

सत्तेचाळीस नंबर आता चांगला भरलाय, हाताखाली दोन पोरं आहेत. ‘या सर, बसा.’ त्याने एक माउस जोडला आणि विचारलं, ‘अपग्रेडनंतर गेलं ना? सोपं आहे. जुना कर्नल अजून आत असतो. चालू होताना यादी येते, त्यातून जुना निवडायचा. त्याच्यावर वायफाय चाललं तर चिप ठीक, दोष नव्या ड्रायव्हरचा. नाही चाललं तर चिप गेली. एका मिनिटात कळतं.’

बाकी सगळं तेच, फक्त कर्नल वेगळा. ओहमने टाळ्या वाजवल्या असत्या.

त्याने जुना कर्नल निवडला. वायफाय चाललं नाही.

‘गेली की काय चिप,’ तो म्हणाला. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. हार्डवेअर! मी म्हटलंच होतं! पण त्याने एक आज्ञा टाइप केली आणि चिपचं नाव पडद्यावर आलं. म्हणजे मशीनला ती दिसत होती. मग दुसरी आज्ञा. तो कपाळावर आठ्या घालून बसला. पंधरा मिनिटं गेली. तीन गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी त्याने एक चिमुकली आज्ञा टाकली आणि उत्तर आलं, ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’.

त्याने लॅपटॉप उचलून डोळ्यांच्या पातळीवर धरला, उजव्या कडेला बघितलं आणि नखाने काहीतरी सरकवलं. एक सेंटिमीटरही नसेल असं बटण. वायफायचं, हाताने बंद-चालू करायचं. वायफाय आलं.

‘सर, कडा पुसल्या होत्या का?’

‘मऊ कापडाने,’ मी म्हणालो.

पहिल्या दिवशी ते बटण चालूच होतं. पहिल्या दिवशी एका मिनिटात कळलं असतं. त्याने लॅपटॉप खाली ठेवला, मुरुमावरून अंगठा फिरवला, सुरुवातीची ओळ उघडून ‘नोमोडसेट’ बघितलं, काळी यादी उघडून त्यात साउंडचा ड्रायव्हर बघितला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘सर, एका वेळी किती गोष्टी बदलल्या?’

मी वही पुढे केली. त्याने दोन्ही रकाने वाचले. अनुमानाचा जरा जास्त वेळ वाचला. तो कोरा होता.

नव्या कर्नलवर परत येऊन नवा ड्रायव्हर उतरवायचा तर इंटरनेट हवं आणि इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा, हा पेच त्याने माझ्याच फोनची चार्जिंगची केबल लॅपटॉपला जोडून सोडवला. फोनमध्ये एक खटका दाबला, झालं. लेख पहिल्याच संध्याकाळी असाच पाठवता आला असता, हे मी घरी सांगितलेलं नाही. ड्रायव्हर बसताना मशीनने किमान आठ अक्षरी पासवर्ड मागितला. ‘तुमचा लॅपटॉप, तुम्हीच टाका. लक्षात ठेवा, एकदाच विचारणार,’ तो म्हणाला. मी टाकला.

तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं आली. गाळा दहा बाय आठचा. त्याने इकडेतिकडे बघितलं.

‘सर, जरा बाहेर बसता का? आत जागा नाही.’

त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी नीट निरखून पाहिलं. त्याच्या पोराने प्लास्टिकचं स्टूल पत्र्याखाली आणून ठेवलं. पाऊस लागून होता. मी घड्याळ बघितलं आणि बसलो. रस्त्याने जाणाऱ्या दोघा माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला, सर इथे का बसलेत असा चेहरा करून पुढे गेले. आतून स्क्रू निघाल्याचा आवाज येत होता, एकेक. पस्तीस मिनिटं झाली. आमचा तास पस्तीसच मिनिटांचा असायचा.

‘सर,’ आतून हाक आली, ‘निळा पडदा आलाय. पासवर्ड काय दिलात?’

पत्र्यावर पाऊस वाजत होता, ओरडल्याशिवाय ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

‘ओहम्सलॉ!’ मी ओरडलो. ‘सगळं जोडून! पुढे एक!’

आत थोडा वेळ शांतता झाली.

‘एकच ना, सर?’

‘एकच.’