टायगर, घरी चल!

कुत्र्याचं नाव टायगर ठेवायचं तर ते वाघ नसलेल्या मुलखात ठेवावं. पुण्यात चालतं, ठाण्यात खपतं. आमच्या भंडारा जिल्ह्यात एका अंगाला कोका अभयारण्य, दुसऱ्या अंगाला नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, पवनीकडून उमरेड-कऱ्हांडला. इथला वाघ धानाच्या बांधीवर पावलं उमटवून जातो आणि सकाळी सारं गाव ती पाहायला जमतं. तरीही गल्लोगल्ली टायगर, शेरू आणि वाघ्या आहेतच. सगळे गावठी, सगळ्यांच्या बरगड्या लांबून मोजता येतील अशा, आणि मांजर फिस्कारली की घराच्या मागच्या दाराने आत.

कोक्याच्या जंगलालगतच्या गावात घडला म्हणून एक किस्सा सांगतात. गाव दर वेळी बदलतं, त्यामुळे तो विनोदच समजावा. दिवेलागणीला एका गड्याचा कुत्रा हरवला. गडी टॉर्च घेऊन 'टायगर, टायगर' ओरडत निघाला. पाच मिनिटांत गावाची दारं लागली, पोरं डबे बडवत बाहेर पडली आणि कुणीतरी वनविभागाला फोन केला. वनरक्षक धापा टाकत आला. कुणी पाहिला, म्हणून त्याने विचारलं. हा गडी पुढे झाला.

"केवढा आहे?"

"एवढासा, जी. पोरांसंग खेळते."

"पोरांसंग?"

"हो जी. पोळी खाते. शिळी असन तं नाक मुरडते."

या सगळ्या गोंधळात कुत्रा कुठे होता? बैलगाडीखाली झोपलेला. त्याने काहीही केलेलं नाही. ओरडला माणूस, पळाली माणसं, घाबरला वनरक्षक. कुत्र्यांवरचा चांगला विनोद असाच असतो. त्यात कुत्र्याला काम जवळजवळ नसतंच.

आंरी बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हसण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की निसर्गदृश्याला कुणी हसत नाही. प्राण्याला हसतो तेही त्याच्यात माणसाचा एखादा भाव दिसला म्हणून. विद्वान माणूस, पण मला हे अर्धंच पटतं. कुत्रा माणसासारखा दिसतो म्हणून हसू येत नाही. आपण एवढा तमाशा करत असताना तो जराही सामील होत नाही, म्हणून येतं. तमाशात सोंगाड्यासमोर एक गंभीर चेहऱ्याचा सरदार लागतो; तो हसला की वग पडला. कुत्रा कधी हसत नाही. 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीखाली मालकाचं नाव असतं, तो विनोद जगजाहीर आहे. खरं तर तो कुणी केलेलाच नाही, पेंटरने एका पत्र्यात दोन कामं उरकली इतकंच. पाटीखाली बसलेल्या कुत्र्याला मात्र दोन्ही ओळी सारख्याच.

'तुमचा कुत्रा चावतो का?' 'नाही.' मग शेजारचा कुत्रा कडकडून चावतो आणि तो माणूस शांतपणे सांगतो, 'हा माझा नाही.' हा विनोद १९७६च्या 'द पिंक पँथर स्ट्राइक्स अगेन' या चित्रपटात आहे. आमच्याकडे तो साकोलीच्या बसस्टँडवर, सांगणाऱ्याच्या सख्ख्या मावसभावाबरोबर घडलेला असतो. जखमेची खूणही दाखवतात.

श्लेषाचं मात्र असं गाव बदलता येत नाही. माझा पुतण्या इंग्रजी शाळेतून एक कोडं घेऊन आला: झाडात आणि कुत्र्यात सारखं काय? उत्तर, 'बार्क'. माझ्या आईने ते समजावून घेतलं, मान डोलावली आणि त्याला विचारलं, "मटन खाऊन झाल्यावर कुत्र्याले हाड देतो, तवा तोंडानं काय म्हनशील?" पोरगा म्हणाला, "हाड." आई म्हणाली, "मंग तो येईल का जाईल?" पोरगा अजून विचार करतो आहे.

हाच प्रश्न मी एकदा भर मंडपात सुटलेला पाहिला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं. रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही उजाडेपर्यंत. लाखांदूर तालुक्यातलं गाव होतं. तिसरा अंक. एकुलता एक मुलगा मरून पडलेला, आई त्याच्या उशाशी, ऑर्गनने सूर धरलेला, बायकांचे पदर डोळ्यांना. अशा वेळी डाव्या विंगेतून एक पांढरं-तांबडं कुत्रं आलं. घाई नाही, बुजणं नाही. त्याने प्रेताचे पाय हुंगले, बाजूला बैठक मारली आणि मागच्या पायाने कान खाजवायला सुरुवात केली.

आई म्हणाली, "आता या जगात माझं कोण उरलं?"

कुत्र्याने फळीवर शेपूट आपटलं. धप्प.

मंडप फुटला. अर्धी मिशी लावलेला विनोदी नट, ज्याचा या प्रवेशाशी काही संबंध नव्हता, धावत आला आणि ओरडला, "हाड!" कुत्रं उठून उभं राहिलं, त्याच्या हाताकडे पाहू लागलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "आधी दाखव तं!"

आता प्रेताचंही पोट हलायला लागलं. आईचं काम करणारी बाई मात्र मुरलेली होती. तिने विनोदी नटाला हाताने थांबवलं, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ऑर्गनवाल्याकडे पाहून म्हणाली, "राहू द्या. पोटचा गेला, हा तरी बसला आहे." हसणाऱ्या बायकांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावले. कुत्रं पडदा पडेपर्यंत हललं नाही.

पहाटे नाटक संपल्यावर शेजारच्या गावचं मंडळ आपल्या मंडईसाठी हेच नाटक ठरवायला रंगमंचामागे आलं. तारीख ठरली, बिदागी ठरली, जेवणाचं ठरलं. मग त्यांच्यातला एक म्हातारा जरा चाचरत म्हणाला, "अन् कुत्रं कंपनीचं येते जी, का आमालेच पाहा लागन?"