हे काही टिकायचं नाही

आमच्या घराण्यात कुणाला नवा फोन, टीव्ही किंवा साधी चार्जरची वायर घ्यायची असली, तरी आधी माझं मत विचारतात. विचारतात, नीट ऐकून घेतात, चहा पाजतात आणि मी जे घेऊ नका म्हटलं असेल ते घेऊन येतात. सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. मग साडूभाऊंनी एकदा खुलासा केला. म्हणाले, "अहो, उलट तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. तुम्ही 'हे काही टिकायचं नाही' म्हणालात की ते टिकतंच. इतकी खात्री आजकाल वॉरंटी कार्डावरसुद्धा नसते."

पोटापाण्यासाठी मी विम्याच्या कचेरीत दावे तपासतो, पण जीव कॉम्प्युटरात. टेलिफोनच्या तारेवर मोडेम किंचाळत इंटरनेट जोडायचा, तेव्हापासूनचा हा नाद. जानेवारी आला की लोकांना तिळगूळ आठवतो, मला लास व्हेगासचं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन आठवतं. कुठल्या चिपमध्ये किती कोअर, कुठल्या कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा, हे मला कुणी न विचारता सांगता येतं, आणि मी ते तसंच सांगतो. एक टेराबाइटची हार्डडिस्क कॉम्प्युटरवर ९३१च गिगाबाइट का दाखवते, यावर मी पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराला उभ्याउभ्या तासभर समजावलं आहे. बनवणारा हजारानं मोजतो, विंडोज १०२४नं मोजतं, बाकी चोरी कुणाचीच नाही. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, पटलं. पण गिऱ्हाईक तुम्ही आहात का मी?"

माझ्या कीर्तीचा पाया २००७ साली घातला गेला. ९ जानेवारीच्या रात्री, आपल्याकडे साडेदहानंतर, सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जनं आयफोन दाखवला. मी बातम्यांचं पान पुन्हापुन्हा उघडत जागा होतो. त्याच वर्षी वैशाखात घरात मुंज होती आणि पंगत बसायला वेळ होता. अशा वेळी माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतं. मी पाटावर बसून मुद्देसूद सांगितलं : याला थ्रीजी नाही. बॅटरी काढता येत नाही. बटणं नाहीत, म्हणजे खिशातल्या खिशात मेसेज लिहिता येणार नाही. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही. शिवाय किंमत पाचशे डॉलर. हे काही टिकायचं नाही.

आता यातला एक मुद्दा चुकीचा असेल तर दाखवा. थ्रीजी खरंच नव्हतं. ॲप स्टोअर २००८च्या जुलैपर्यंत आलं नाही. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवायची सोय व्हायला २००९ उजाडलं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मरही कॅमेऱ्यासमोर त्या किमतीला हसले होते, म्हणजे मी अगदीच एकटा नव्हतो. पण बाल्मरच्या मुंजीला त्यांचे चुलतभाऊ बसलेले नसतात. माझा होता. तो न्यू जर्सीहून आला होता, त्यानं माझं सगळं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि परत गेल्यावर त्याच आठवड्यात ॲपलचे शेअर घेतले. तेव्हापासून दर दिवाळीला त्याच्याकडून काजूकतलीचा डबा येतो. सोबत चिठ्ठी असते : "पुढचं काय बुडणार ते कळव."

बुडणाऱ्या भाकितांची परंपरा तशी थोर आहे. रॉबर्ट मेटकाफ हे काही साधं नाव नव्हे. कचेऱ्यांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं इथरनेट ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्यांतले ते एक. त्यांनी १९९५च्या डिसेंबरात लिहिलं की इंटरनेट १९९६मध्ये कोसळेल, आणि नाही कोसळलं तर मी माझे शब्द गिळीन. इंटरनेट काही कोसळलं नाही. १९९७मध्ये एका परिषदेत त्यांनी तो लेख पाण्याबरोबर मिक्सरमधून काढला आणि लोकांसमोर खाऊन टाकला. ही गोष्ट मी मोठ्या कौतुकानं घरी सांगितली. शास्त्रज्ञाची निष्ठा वगैरे बोललो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपला मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे. तुमचं एकट्याचं सगळं त्यात मावायचं नाही."

पण आयुष्यभर नाही नाही म्हणणाऱ्या माणसानं एकदा हो म्हटलं, तेव्हाची गोष्ट यापेक्षा महाग पडली.

२००९च्या डिसेंबरात 'अवतार' आला आणि पुढच्याच वर्षी झाडून सगळ्या बड्या कंपन्यांनी थ्रीडी टीव्ही काढले. अमेरिकेत ईएसपीएननं थ्रीडीसाठी वेगळं चॅनेल सुरू केलं. मी घरी जाहीर केलं की आता सपाट टीव्हीचे दिवस भरले. आई, आप्पा आणि आत्या यांना पटवायला मी 'छोटा चेतन'ची आठवण काढली. मूळ मल्याळम सिनेमा १९८४चा, देशातला पहिला थ्रीडी. तो १९९८मध्ये हिंदीतून पुन्हा आला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो, आणि पडद्यातून आलेली वस्तू धरायला आत्यानं हात पुढे करून पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांची टोपी उडवली होती. "तोच आनंद आता घरी," मी म्हणालो. आत्या म्हणाली, "पण घरात पुढे कोण बसणार?"

टीव्ही आला. खोक्यात चष्मे दोन, घरात माणसं सहा. उरलेले चार वेगळे विकत घ्यायचे होते, आणि एका चष्म्याच्या किमतीत त्या काळी बऱ्यापैकी मिक्सर आला असता. हे मिक्सरचं माझं नाही, बायकोचं गणित आहे. मी घेतले. मग सगळ्यांना रांगेत बसवून चष्म्याचं शास्त्र सांगितलं. काचा सेकंदाला साठ वेळा आळीपाळीनं मिटतात. टीव्ही डाव्या डोळ्याचं चित्र दाखवतो तेव्हा उजवी काच बंद, उजव्याचं दाखवतो तेव्हा डावी बंद. दोन डोळ्यांना किंचित वेगळं दिसतं आणि मेंदू त्यातून खोली तयार करतो. आप्पा म्हणाले, "म्हणजे अर्धा वेळ एक डोळा झाकून बघायचं, आणि त्याचे जास्त पैसे?"

पहिली अडचण ट्यूबलाइटची. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. एरवी कळत नाही. साठच्या तालावर मिटणारा चष्मा घातला की आख्खी खोली थरथरायला लागते. म्हणून दिवे बंद करायचे. आता आमच्या घरी टीव्ही बघणे ही क्रिया एकटी कधी होतच नाही. आई गवार मोडते, आत्या वाती वळते, बायको कपड्यांच्या घड्या घालते, मुलगी गृहपाठ करायचं नाटक करते. अंधारात, काळा चष्मा लावून, यातलं काहीच करता येईना. पहिल्या रात्री आईनं शेंगांचे देठ पातेल्यात आणि शेंगा कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिनं मला शांतपणे विचारलं, "टीव्ही बघताना गवार मोडायची नाही, तर टीव्ही लावायचा कशाला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि पुढे जे झालं ते पाहता ते बनवणाऱ्यांकडेही नसावं.

दुसरी अडचण आप्पा. ते टीव्ही लोडाला टेकून, कुशीवर आडवे होऊन बघतात. थ्रीडीला हे चालत नाही. दोन्ही डोळे एका रेषेत आडवे हवेत, मान कलली की चित्र फाटतं. "आप्पा, सरळ बसा," मी म्हणालो. निवृत्त मुख्याध्यापकाला आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकावं लागलं असेल, तेही मुलाकडून. ते उठले, चष्मा घडी करून माझ्या हातात दिला आणि गच्चीवर निघून गेले.

तिसरी अडचण अशी की बघायला काही नव्हतं. थ्रीडीतले सिनेमे बोटांवर मोजण्याइतके, मराठीत तर नावालाही नाही. पण रिमोटवर एक बटण होतं. ते दाबलं की टीव्ही साध्या चित्रातून अंदाजानं थ्रीडी तयार करायचा. मी ते रात्री आठच्या मालिकेवर दाबलं. निवेदकापेक्षा खालची पट्टी पुढे आलेली बातम्यांत पाहिली होती, पण इथे काम चांगलं जमलं. मालिकेतली सासू कमरेवर हात ठेवून जी पुढे आली ती थेट आमच्या टीपॉयपर्यंत. आत्या ओरडली, "अगं बाई, सासू अंगावर येतेय!"

आई अंधारातून म्हणाली, "त्यात काय. माझी तर चष्म्याशिवाय यायची."

आता आईची सासू म्हणजे आत्याची सख्खी आई. त्या रात्री टीव्ही कुणी बंद केला ते मला आठवत नाही. आत्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेली आणि पुढचा गणपती तिथेच बसवला.

२०१३मध्ये ईएसपीएननं आपलं थ्रीडी चॅनेल गुंडाळलं. २०१७ येता येता उरलेल्या बड्या कंपन्यांनीही असे टीव्ही बनवणं थांबवलं. आमचा टीव्ही मात्र अजून आहे, सपाट चित्र झकास दाखवतो, आई त्याच्यापुढे दिवा लावून गवार मोडते. चष्म्यांपैकी एक मुलीनं शाळेच्या स्नेहसंमेलनात रजनीकांत होताना वापरला. टाळ्या पडल्या. पैसे तेवढेच वसूल.

यानंतर माणूस शहाणा व्हावा, पण मला विषय सोडवत नाही. युपीआय २०१६मध्ये आलं आणि हळूहळू मंडईत प्रत्येक पाटीवर काळे-पांढरे चौकोन लागले, तेव्हा मी भाजीवाल्या मावशींना सांगितलं की क्यूआर कोड ही तात्पुरती सोय आहे. हा जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढलेला जुना प्रकार. पुढचा काळ एनएफसीचा, मशीनला फोन नुसता टेकवायचा, कॅमेरा नको, काही नको. मावशींनी विचारलं, "मशीन केवढ्याला?" मी आकडा सांगितला. "आणि पावसात भिजलं तर?" मी म्हणालो, झाकून ठेवायचं. मावशींनी टोमॅटोवर पाणी मारता मारता हातातला फवारा त्या चौकोनांच्या कागदावरही मारला, फडक्यानं पुसला आणि म्हणाल्या, "हे बघा दादा. नवा छापून मिळतो. अर्धा किलो देऊ?"

मी एकदाही बरोबर नव्हतो असं मात्र नाही. साडूभाऊंनी टीव्हीसाठी सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल घेतली, दोन-तीन हजारांची. मी सांगितलं, डिजिटल केबलमधून शून्य आणि एक जातात, सोन्यातून गेलेले शून्य जास्त गोल होत नाहीत. माझी दोनशेची केबल तेच चित्र दाखवेल. हे शास्त्र शंभर टक्के खरं आहे. दाखवायला त्यांना घरी बोलावलं, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही बाहेर, मध्ये माझी दहा मीटरची केबल. पडद्यावर चांदण्या चमकल्या, मग निळा रंग आला, मग काहीच नाही. लांब अंतरावर स्वस्त तारेत सिग्नल मरतो, हेही शास्त्रच. फक्त ते सांगायचा क्रम चुकला. साडूभाऊ काही बोलले नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

तर अशी माझी पत झालेली. गेल्या महिन्यात वाटलं, हीच पत वापरून बघावी. मला घडीचा फोन हवा आहे. पुस्तकासारखा उघडणारा, आत मोठा पडदा. २०१९मध्ये सॅमसंग हा प्रकार बाजारात आणत होती तेव्हा परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांचे पडदे चार दिवसांत गेले होते, कंपनीला विक्री पुढे ढकलावी लागली होती, आणि मी अर्थातच तेव्हा अतिशय खूश होतो. आता बिजागऱ्या सुधारल्यात, काचा सुधारल्यात. किंमत मात्र दीड लाखाच्या पुढे. सरळ मागितला असता तर मिक्सरच्या भाषेत हिशेब झाला असता. म्हणून मी उलटी चाल खेळलो. जेवताना, सगळे असताना, मुद्दाम आवाज चढवून म्हणालो, "हे घडीचे फोन म्हणजे शुद्ध वेडेपणा. मधे चुणी पडते. धूळ जाते. वर्षभरात बंद होतील बघा. हे काही टिकायचं नाही."

ताटावर शांतता पसरली. मुलीनं आईकडे पाहिलं. आप्पांनी चमचा खाली ठेवला.

"नक्की?" बायकोनं विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो. "लिहून देतो."

तिनं हात धुतले, फोन घेतला, आत गेली. बरोब्बर चालली होती चाल. मी आमटी वाढून घेतली. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, चेहरा समाधानी.

"सांगितला मागवायला. शनिवारी येईल. माझा जुना तुम्ही वापरा, चांगला आहे अजून," ती म्हणाली. "आणि अहो, माझे सगळे नंबर तेवढे नव्यात टाकून द्याल ना? तुम्हाला त्यातलं कळतं."