बॉम्बरस्वार

बॉम्बरस्वार ओळखायचा तो जुलैच्या उन्हातल्या चामडी जॅकेटवरून. अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा विमानतळावर शनिवारी सकाळी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले बी-१७ बॉम्बर येऊन उभे असते. डांबर तापलेले असते, बाकीचे लोक हाफपँटमध्ये सरबत पीत हिंडत असतात आणि हा गृहस्थ उणे चाळीस अंशांच्या थंडीसाठी बेतलेले जॅकेट गळ्यापर्यंत बंद करून घाम पुसत असतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. आयुष्य दातांच्या दवाखान्यात, विम्याच्या कचेरीत नाहीतर शाळेच्या स्टाफरूममध्ये गेलेले. जॅकेटच्या पाठीवर मात्र छोट्या छोट्या बॉम्बची रांग रंगवलेली असते, एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. मोहिमा कोणाच्या, हे विचारायचे नसते. बायको मंडपाच्या सावलीत त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पर्समध्ये घेऊन बसलेली असते; तिकिटाला किती पडले हा आकडा त्या घरात फक्त तिच्याच लक्षात राहतो. त्याच्या डोक्यात दुसरे आकडे असतात. पहिले उड्डाण २८ जुलै १९३५, एकूण बांधणी १२,७३१, इंजिने चार, प्रत्येकी १,२०० अश्वशक्ती, शेवटच्या 'जी' नमुन्यावर मशिनगन तेरा. हे तो न विचारता सांगतो. रांगेतल्या अनोळखी माणसाला सांगतो, तेलाचा डबा घेऊन निघालेल्या मेकॅनिकला सांगतो आणि शेवटी वैमानिकालाही सांगतो. वैमानिक मुकाट्याने ऐकून घेतो, कारण तिकिटाच्या किमतीत तेही धरलेले असते.

या माणसाला हसणे फार सोपे आहे आणि त्याला हसू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की ही विमाने आज हवेत आहेत ती त्याच्या मिरवण्याच्या हौसेवर. इतिहासप्रेम हे पावतीवर लिहायचे नाव आहे. दरपत्रक पाहिले की हे लगेच ध्यानात येते. बी-१७ मधून अर्ध्या तासाची चक्कर मारायला मधल्या भागातल्या जागेला पाचशे डॉलरच्या आसपास पडतात आणि काचेच्या नाकातल्या, बॉम्ब टाकणाऱ्याच्या जागेला जवळपास दुप्पट. इतिहासच हवा असता तर रेडिओवाल्याच्या खोलीला तेवढाच भाव यायला हवा होता. बिनतारी संदेश ऐकत बसणाऱ्या त्या पोराने काही कमी युद्ध केलेले नव्हते. पण रेडिओच्या खोलीत फोटो चांगला येत नाही. नाकात बसले की मागे आभाळ येते, पुढे बॉम्बचे निशाण साधण्याचे यंत्र येते आणि मधे आपण येतो. हॅमिल्टन, ओन्टारिओ इथल्या संग्रहालयाचे लँकॅस्टर बॉम्बर तर याच्याही वरचे. त्यात मोजक्याच प्रवाशांना जागा, आणि एका जागेला काही हजार कॅनेडियन डॉलर. त्या तिकिटावर माणूस युरोपला जाऊन बॉम्बफेकीत पडलेली आणि पुन्हा बांधलेली दोन-तीन शहरे बघून परत येईल. बॉम्बरस्वार ते करत नाही. ती शहरे बघण्यात त्याला रस नसतो, ती वरून दिसली असती कशी यात असतो.

विमानात शिरल्यावर त्याचा पहिला भ्रमनिरास होतो. बी-१७ बाहेरून किल्ल्यासारखे दिसते आणि आतून जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीसारखे. बॉम्बच्या कप्प्यातून पुढे जायला जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी असते. १९४३ मधली वीस वर्षांची, सडपातळ पोरे त्यावरून सरसर जात; जॅकेटसकट आणि पोटासकट जाणारा आपला गृहस्थ मधे अडकतो आणि पुढच्या-मागच्या दोघांची चक्कर त्याला सोडवण्यात जाते. इंजिन सुरू करण्याआधी पंखे हाताने फिरवावे लागतात, नाहीतर खालच्या सिलिंडरांत उतरलेले तेल इंजिन फोडते. तेल मग जमिनीवर ठिबकत राहते, आणि जोवर ठिबकते आहे तोवर आत शिल्लक आहे, असा मेकॅनिक मंडळींचा दिलासा असतो. विमान उडाल्यावर पट्टा सोडून हिंडायची मुभा मिळते. खिडकीशी मशिनगन असते, गोळ्या नसतात. स्वार ती धरतो, डोळे बारीक करतो आणि अमेरिकेच्या मध्यभागातल्या मक्याच्या शेतांवर शत्रूची विमाने शोधू लागतो. दीड-दोन हजार फुटांवर हवा छान असते. ज्यांची ती जागा होती त्यांना पंचवीस हजार फुटांवर प्राणवायूचा मुखवटा लावून, विजेने तापणारे कपडे घालून तासन् तास उभे राहावे लागे. हातमोजा काढला तर कातडी धातूला चिकटे. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर गेलेल्या बी-१७ पैकी साठ परतली नाहीत. एका विमानात दहा माणसे. तेव्हा या जागेवर बसायचा सरकार पगार देत असे आणि बसणारा पंचवीस मोहिमा संपून घरी कधी जाता येईल हे मोजत असे. आजचा स्वार पैसे देतो आणि अर्धा तास इतक्यात कसा संपला म्हणून तक्रार करतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जोरदार आहे: हे सगळे सोंग झाले, खऱ्या सैनिकांच्या आठवणीशी केलेली लबाडी झाली. आक्षेप खरा आहे, पण तो घेणाऱ्याने विमानाचे कागद पाहिलेले नसतात. सोंग एकट्या प्रवाशाचे नाही, विमानाचेही असते. आज उडणाऱ्या बॉम्बरांपैकी बहुतेकांनी युद्धाचे तोंडही पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले ती युद्धानंतर ॲरिझोनातल्या किंगमनसारख्या ठिकाणी हजारोंनी वितळवली गेली. जी वाचली ती उशिरा जन्मलेली. हॅमिल्टनचे लँकॅस्टर १९४५ मध्ये माल्टनच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा युरोपातली लढाई आटोपली होती. 'ॲल्युमिनम ओव्हरकास्ट' नावाचे बी-१७ लष्कराच्या ताब्यात आले १८ मे १९४५ रोजी, जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतर दहा दिवसांनी. पुढच्याच वर्षी ते भंगाराच्या यादीतून ७५० डॉलरला विकले गेले, म्हणजे आज नाकातल्या एका जागेला अर्ध्या तासाचे जेवढे पडतात त्याहूनही कमी पैशांत अख्खे विमान. मग त्याने गुरे वाहिली, किडे मारायचे औषध फवारले, नकाशांसाठी फोटो काढले. थोडक्यात, त्याचेही आयुष्य दातांच्या दवाखान्यात नाहीतर विम्याच्या कचेरीतच गेले. म्हातारपणी कोणीतरी त्याला रंग दिला, नाकावर चित्र काढले, बिनगोळ्यांच्या मशिनगन बसवल्या आणि लोक त्याच्याकडे आदराने पाहू लागले. अशा विमानात असा माणूस बसतो तेव्हा कोण कोणाला फसवते? न लढलेल्या दोन म्हाताऱ्यांनी लढाईचा पोशाख घालून एकत्र फिरायला जाण्यात लबाडी असेल तर ती दोघांच्या संमतीने झालेली आहे.

या सोंगाचा सगळ्यात बहारदार नमुना आपल्या ओळखीचा निघतो. १९८९ पासून अमेरिकाभर हिंडून प्रवाशांना फिरवणारे एक बी-२४ लिबरेटर होते. टेक्सासमध्ये १९४४ साली बांधलेले, ब्रिटिश हवाई दलाला दिलेले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अशी अनेक लिबरेटर कानपूरच्या तळावर मोडून-तोडून टाकून दिली, कारण उसनी घेतलेली ही विमाने परत तरी करायची नाहीतर निकामी तरी करायची, असा अमेरिकेशी करार होता. निकामी केलेली वस्तू टाकून देण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हे साहेबाला एवढ्या वर्षांत कळले नव्हते. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून धडधाकट अवयव वेचून काढले, एकाचे पंख दुसऱ्याला लावले आणि अशी जोडजाड केलेली विमाने जमशेद मुन्शी नावाच्या पारशी वैमानिकाने बंगळूरला उडवत नेली. १९४८ च्या अखेरीस त्यांच्यावर भारतीय हवाई दलाची बॉम्बर तुकडी उभी राहिली, आणि जगाने ज्या विमानाला विसरून जावे ते इथे १९६८ पर्यंत नोकरी करत राहिले. त्यातले एक इंग्लंडमार्गे अमेरिकेत परतले, दुरुस्त झाले आणि त्याच्या नाकावर ठळक अक्षरांत नाव आले 'ऑल अमेरिकन'. वीस वर्षे अशोकचक्राच्या देशाची चाकरी केलेल्या विमानात बसून बॉम्बरस्वार अस्सल अमेरिकी पराक्रमाचा वास घेत असे. वास बहुधा बंगळूरच्या ग्रीसचा असावा.

दुसरा आक्षेप शहाण्या माणसांचा असतो: अशी विमाने उडवावीत कशाला, संग्रहालयात ठेवावीत. पंचवीस मोहिमा करून आलेली 'मेम्फिस बेल' आज डेटनच्या हवाई दल संग्रहालयात उभी आहे आणि तिने तिथेच राहावे. जे विमान स्वतः तिथे होते त्याला काही सिद्ध करायचे उरलेले नाही. पण ज्याची योग्यता रंगावर आहे, ते एका जागी उभे राहिले की नुसता रंग उरतो. त्याचे खरे मोल म्हणजे त्याचा आवाज, त्याची थरथर, पेट्रोलचा वास; आणि त्यासाठी ते उडावे लागते. चार इंजिने तासाला सुमारे २०० गॅलन इंधन पितात, शिवाय तेल, शिवाय इंजिनांची दुरुस्ती. ब्रिटनमध्ये हा खर्च सरकार करते. कॉनिंग्सबीच्या तळावरचे लँकॅस्टर हवाई दल सांभाळते, त्यात कोणालाही तिकीट काढून बसता येत नाही, आणि बसता येत नाही म्हणून कोणी त्याला हसतही नाही. आज जगात उडणारी लँकॅस्टर दोनच आहेत. एक करदात्यांच्या पैशावर चालते आणि दुसऱ्याच्या खर्चाला बॉम्बरस्वारांची हौस हातभार लावते. करदात्याला कोणी विचारलेले नसते. स्वार आपणहून रांगेत उभा राहतो.

हौसेच्या पैशाचा धोकाही सांगितला पाहिजे, कारण तो घडून गेला आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटच्या ब्रॅडली विमानतळावर 'नाइन-ओ-नाइन' नावाचे बी-१७ उड्डाणानंतर काही मिनिटांतच परत फिरले आणि उतरताना कोसळले. तेरा माणसांपैकी सात गेली, त्यात पाच प्रवासी होते. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबर देखभालीतली ढिलाईही समोर आली आणि ते विमान चालवणाऱ्या संस्थेचा प्रवासी नेण्याचा परवाना रद्द झाला. ते विमानही सोंगातलेच होते. मूळ 'नाइन-ओ-नाइन' युद्धात १४० मोहिमा करून सुखरूप परतले आणि भंगारात गेले. मेलेली माणसे मात्र सोंगातली नव्हती. म्हणून स्वाराने जॅकेटची निवड करायला जेवढा वेळ घेतला त्याच्या निम्मा वेळ तरी या संस्थेची इंजिने कोण तपासतो हे विचारण्यात घालवावा. तो विचारत नाही, कारण तो प्रश्न विचारणारा माणूस प्रवासी दिसतो आणि त्याला तर चमूतला दिसायचे असते.

शेवटचा आक्षेप मला परतवता येत नाही. काचेच्या नाकातून खाली पाहिले की स्वाराला पोहण्याचे तलाव, गोल्फची मैदाने आणि हात हलवणारी मुले दिसतात. त्या जागेवरून १९४३ च्या जुलैत जळते हॅम्बर्ग दिसत होते. 'फिफी' आणि 'डॉक' ही आज उडणारी जगातली दोनच बी-२९, आणि १९४५ च्या मार्चमध्ये टोकिओ जाळले ते याच जातीच्या विमानांनी. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे. या गोष्टीचा उल्लेख ना विमानाजवळ उभा असलेला स्वयंसेवक करतो, ना स्वार. मशिनगनचा तेरा हा आकडा पाठ असलेल्या माणसाला खालचे आकडे पाठ नसावेत, हा त्याचा खरा दोष आहे, जॅकेट नव्हे.

याला एक अपवाद असतो आणि तो रांगेत ओळखू येतो. त्याच्या अंगावर साधा शर्ट असतो आणि खिशात आजोबांचा फोटो. आजोबा शेपटीतल्या मशिनगनवर होते आणि घरी त्याबद्दल कधी बोलले नाहीत. हा नाकातली जागा मागत नाही, शेपटीत बसू द्याल का विचारतो. बहुतेक विमानांत उड्डाणात शेपटीत जाऊ देत नाहीत, तेव्हा तो मधल्या भागात कुठेतरी बसतो आणि अर्धा तास काही बोलत नाही. पण अशा माणसांच्या भरवशावर चार इंजिने वर्षभर पोसता येत नाहीत. त्याची ती जागा उडती राहते ती पुढे नाकात बसून स्वतःचे फोटो काढणाऱ्याच्या दुप्पट तिकिटामुळे. तेव्हा बॉम्बरस्वाराला हसायचे असेल तर खुशाल हसा. फक्त त्याने पैसे भरेपर्यंत थांबा.