गंजभीरू

पापभीरू माणसं जगात सगळीकडे सापडतात. गंजभीरू माणूस मात्र थंडीच्या आणि मिठाच्या मुलखातच चांगला पोसला जातो. कॅनडातल्या सस्काटूनमध्ये मराठी बिऱ्हाडं मोजकी, तरी त्यांत हा एक असतोच. वय पन्नाशीपुढचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पोटॅशच्या खाणीत. दिवसभर क्षारांवर पोट भरायचं आणि संध्याकाळी घरी येऊन क्षारांशीच वैर धरायचं, असा त्याचा दिनक्रम.

वैराचं कारण तळघरात हुकाला टांगलेलं असतं: सत्तरच्या दशकातली, नॉटिंगहॅमची रॅले सायकल. पाहुण्याला तो आधी सायकल दाखवत नाही, तिच्यावरचा स्टिकर दाखवतो. "रेनॉल्ड्स फाइव्ह-थ्री-वन. 1935 पासूनचं पोलाद. मँगनीज-मॉलिब्डेनम. वाजवून बघ." आपण नखानं नळी वाजवायची. तो डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, "आत अजून निरोगी आहे."

कारण त्याची सगळी काळजी आतली. बाहेर रंग असतो, बाहेरचा गंज आंधळ्यालाही दिसतो. पण सीटच्या दांड्याशेजारून पाणी झिरपतं, नळीतून खाली उतरतं आणि पायडलच्या एक्सलपाशी साचून राहतं. नळीची जाडी मधे अर्धा-पाऊण मिलिमीटर. एवढं सांगून तो आपल्याकडे असा बघतो, की आपल्याच हाडांची काळजी वाटू लागावी.

यावर त्याचा रामबाण उपाय जवसाचं तेल. कॅनडातलं बरंचसं जवस सस्कॅचेवानमध्येच पिकतं, जुलैत शेतंच्या शेतं निळी होतात. ती पाहून बाकीच्या मराठी मंडळींना चटणी आठवते, याला फ्रेम आठवते. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल तो नळ्यांत ओततो आणि फ्रेम कधी उलटी, कधी आडवी, कधी तिरकी धरून तासन्‌तास फिरवत बसतो. हवा लागली की ते तेल सुकून आतून पातळ पापुद्रा धरतं. त्यात वाळवणारी रसायनं असतात, म्हणून बाटलीवर बायकोच्या अक्षरात 'खायचं नाही' अशी चिठ्ठी असते. तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून तो ती मागच्या कुंपणावर एकेक पसरून वाळत घालतो. "अहो, शेजारी काय म्हणतील?" याला त्याचं उत्तर, "घर शाबूत आहे म्हणतील."

खंडेनवमीला सायकलची पूजा होते, पण नियम कडक. पाणी शिंपडायचं नाही. हळदकुंकू कोरडं. झेंडूच्या देठांत ओल असते म्हणून माळ प्लॅस्टिकची. ओवाळताना निरांजनाची काजळी चालते. काजळीनं गंज चढत नाही, असं त्याचं मत.

मग हिवाळा. पारा उणे तिसाखाली जातो. एवढ्या कोरड्या थंडीत सायकल बाहेर ठेवली तरी सहसा गंजत नाही. गोठलेलं लोखंड उबदार घरात आणलं की त्यावर दव धरतं, खरा धोका तिथे. हे तो स्वतःच सांगतो आणि तरीही सायकल गॅरेजमध्ये ठेवत नाही. घरातली हवा इतकी सुकी, की मुलांच्या नाकातून रक्त येतं आणि कढीपत्ता माना टाकतो. बायको ह्युमिडिफायर लावते, तो आर्द्रतेचा काटा घेऊन मागोमाग. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत असली तर पोलादाला फारसं भय नाही, आणि काटा तर चाळीसवर. तरीही जाता जाता बटण बंद. "कढीपत्ता जगायला नको का?" बायको विचारते. "नवा मिळतो," तो म्हणतो.

एप्रिलमध्ये बर्फ वितळतो. नदीकाठच्या मीवासिन ट्रेलवर सगळं गाव सायकली काढतं. हा म्हणतो, "बर्फावर टाकलेलं मीठ अजून रस्त्यावर आहे. एक चांगला पाऊस पडू दे." पाऊस पडला की, "पावसात कोण काढतं?" जुलैत तेल वाळत असतं. सप्टेंबरात पूजेची तयारी. अशा रीतीनं रॅलेचं वर्ष निर्विघ्न पार पडतं.

मग हा माणूस कामाला जातो कसा? गॅरेजबाहेर एक रंग उडालेली सीसीएम उभी असते. 1899 साली स्थापन झालेल्या त्या कॅनेडियन कंपनीची सायकल कुणीतरी टाकून दिलेली, यानं उचललेली. बर्फ, चिखल, मीठ, सगळ्यांतून तो तिला हाणतो. घरी आल्यावर जुन्या बनियननं दोन हात फिरवतो, चेनवर तेलाचे चार थेंब सोडतो. एवढ्यावर ती वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते आहे. तिचा विषय काढला तर म्हणतो, "ती होय? ती आपली वापरायची."

त्याच्या स्वभावात मात्र गंज नाही. पुण्याहून नवा विद्यार्थी आला, की 'जेवलास का?' च्या आधी 'सीटपोस्टला ग्रीस लावलंस का?' असं विचारील, पण शनिवारी त्याला ब्रिज सिटी बायसिकल को-ऑपमध्ये घेऊन जाईल आणि जुनी सायकल स्वतः खोलून, साफ करून, बांधून देईल. पैसे विचारले तर रागावेल.

तेव्हा तुमच्याकडे वडिलांची जुनी स्टीलची सायकल असेल, तर याची निम्मीच विद्या घ्या. भिजली की पुसा, सीटच्या दांड्याला ग्रीस लावा, चेनला तेल द्या आणि चालवा. आणि कधी सस्काटूनला त्याच्याकडे जेवायला गेलात, तर मिठाचे बूट दाराबाहेर काढा, नळी वाजवून 'वा!' म्हणा, पोटभर जेवा. फक्त 'एक चक्कर मारून येऊ का?' असं विचारू नका.