पहिली मॅच देवाला

आमच्या कुंभार पिंपळगावाजवळ जांब समर्थ आहे. लग्नात 'सावधान' कानावर पडताच बोहल्यावरून पळालेले समर्थ रामदास तिथले. त्यांच्यानंतर या पंचक्रोशीत वेळेवर सावध झालेला माणूस जन्मला नसावा. निदान आमच्या घरात तरी नाही. नाहीतर ऐन उन्हाळ्यात, विहिरींनी तळ गाठलेला असताना, बायको, दोन पोरं, मेव्हणा आणि धपाट्यांचा डबा घेऊन चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या वानखेडेवर मुंबई इंडियन्सची मॅच बघायला दरवर्षी कोण जातं?

आम्ही जातो.

ही खोड सचिनमुळे लागली. सचिन 2013 मध्ये आयपीएल खेळायचा थांबला, आम्ही जायचे थांबलो नाही. मेव्हणा अधूनमधून जालन्याच्या विजय झोलचं नाव काढतो. झोल 2014 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता आणि त्याच वर्षी बंगळुरूच्या संघात गेला, तेव्हा जिल्ह्याच्या इज्जतीखातर आपण बंगळुरूचं व्हायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. पण सख्खा भाऊ की सचिन, असा पेच पडल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी क्षणाचाही विचार न करता सचिनला निवडलं. मला विचारलं नाही.

सहलीचं नियोजन मात्र माझ्याकडे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते पटणार नाही.

2016 साली मी हिशेब करून मे महिन्यातली मॅच धरली. शाळेला सुट्टी, रेल्वेचं आरक्षण, आत्याकडे मुक्काम, सगळं जुळलं होतं. आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने 30 तारखेनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. कारण दुष्काळ. लातूरला आगगाडीने पाणी जात असताना तुम्ही मैदानाला कसलं पाणी घालता, हा प्रश्न रास्तच होता. मुंबईच्या उरलेल्या घरच्या मॅच विशाखापट्टणमला गेल्या, आणि मराठवाड्याच्या दुष्काळाने नेमकी मराठवाड्यातल्याच एका कुटुंबाची सहल बुडवली. टँकरच्या रांगेतले अण्णा एवढंच म्हणाले, "कामून तोंड पाडून बसला? ये, ही घागर धर." मी घागर धरली. माझा नंबर आला आणि टँकर संपला.

म्हणून 2018 ला धोका नको, मोसमातली सगळ्यात पहिलीच मॅच घ्यायची, असं ठरवलं. 7 एप्रिल, वानखेडे, समोर दोन वर्षांच्या बंदीतून परतलेली चेन्नई. आमच्याकडे नेट गच्चीवरच्या टाकीजवळच धड लागतं, तेव्हा भर दुपारी टाकीला टेकून, डोक्यावर पंचा टाकून मी तिकिटं काढली आणि विजयी मुद्रेने खाली उतरलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पहिली मॅच? ती तर देवाला असते!"

मुंबईच्या चाहत्यांत हे वाक्य प्रसिद्ध आहे, फक्त माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. 2013 पासून मुंबई दर मोसमातली पहिली मॅच हरत आली होती. पुढे 2025 पर्यंत हा नेम चुकला नाही. एवढ्या निष्ठेने आमच्या घरात चतुर्थीही होत नाही. पण मी म्हणालो, संभाव्यतेच्या नियमाने सलग पाचदा हरलेला संघ सहाव्यांदा जिंकलाच पाहिजे. असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही.

परतूरहून रात्रीची देवगिरी पकडून मुंबईला पोचलो आणि संध्याकाळी वानखेडेच्या गेटवर आमची झडती झाली. बॅग आत जाणार नाही, बाटली नाही, डबा नाही, पॉवर बँक नाही, नाणीसुद्धा नाहीत. सौभाग्यवतींनी खपून केलेली धपाटी आणि लसणाची चटणी टाकून देणं रक्तातच नसल्यामुळे आम्ही फुटपाथवर पंगत मांडली. बाकीच्यांनी पोटापुरतं खाल्लं, उरलेलं "तुम्हीच संपवा" या प्रेमळ हुकुमासह माझ्याकडे आलं, चटणी लागली म्हणून सगळ्यांच्या बाटल्याही मीच रिचवल्या, बॅगा ओळखीच्या एका टपरीवाल्याकडे ठेवल्या, आणि सिद्धिविनायकाच्या पेटीसाठी आणलेली चिल्लर खपवायला पोरांना दोन निळे झेंडे घेऊन दिले. झेंड्यांना काठ्या होत्या.

काठ्याही आत जात नाहीत.

पिऊन टाकलेल्या पाण्याने पुढे आपला हिशेब मागितला आणि मुंबईचा अर्धा डाव मी स्वच्छतागृहाच्या रांगेत नुसता ऐकला. परत आलो तेव्हा कळलं, आपल्या जागा इतक्या उंचावर आहेत की रोहित शर्मा मुगाच्या दाण्याएवढा दिसतो. "घरी टीव्हीवर मोठा दिसतो," मुलगा म्हणाला. त्याला मी गप्प केलं.

मॅच मात्र रंगली. मुंबईच्या 165 पुढे चेन्नईचे आठ गडी बाद, 18 चेंडूंत 47 हव्यात, केदार जाधव तर आधीच लंगडत तंबूत गेलेला. मी उभा राहिलो आणि फळ्यापुढच्या आवाजात जाहीर केलं, की गणिताने मॅच संपलेली आहे, तेव्हा गर्दीच्या आधी निघायचं. मुलगी रडकुंडीला आली, मुलाने खुर्ची घट्ट धरली, तरी मी हेका सोडला नाही. उलट मागच्या रांगेलाही हिशेब समजावून सांगितला, आणि तिथले एक आजोबा माझ्या भरवशावर नातवाला घेऊन उठले. ते आजोबा आठवले की मी अजून झोपेत दचकतो.

चर्चगेटला समोर उभी असलेली लोकल पकडली, सगळ्यांना बसायला जागाही मिळाली, म्हणून मी कौतुकाची वाट बघत होतो. मरीन लाइन्सला मुलाने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, ब्राव्हो सुटलाय. चर्नी रोडला बुमराहलासुद्धा षटकार. ग्रँट रोडला ब्राव्हो 30 चेंडूंत 68 करून बाद, आणि मी म्हणालो, "बघा!" मुंबई सेंट्रलला कळलं की लंगडा केदार परत आला, त्याने एक षटकार आणि एक चौकार मारला, आणि चेन्नई एक गडी, एक चेंडू राखून जिंकली. वर्षानुवर्षं लोक जिचे किस्से सांगतील अशी मॅच, आणि तिकीट काढलेले आम्ही मुंबई सेंट्रलला.

आत्या डोंबिवलीला राहते. म्हणजे दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडायची. पण तिकिटामागे 47 भागिले 18 करून, चूक माझी नसून ब्राव्होची कशी, हे मी मेव्हण्याला पटवत होतो. गाडी थांबली तेव्हा बाहेर बोरिवली होतं. पुढे ती जातच नव्हती.

आत्याकडे पहाटे पोचल्यावर चहाच्या आधी कुटुंबाची बैठक झाली आणि मी पनवती असल्याचा ठराव संमत झाला. पुरावेही पुढे मिळत गेले. मला मॅच बघायला बंदी घातली, आणि मुंबई 2019 ला विजेती झाली. 2020 ला मॅच दुबई-अबुधाबीकडे झाल्या, मी समुद्रापलीकडे होतो, मुंबई पुन्हा विजेती. त्यानंतर 2025 पर्यंत एकही विजेतेपद नाही, आणि मी टीव्ही चोरून बघतो असा घरच्यांना दाट संशय आहे.

सहल मात्र चालू आहे. आरक्षण मी करतो, तिकिटं मी काढतो. फक्त वानखेडेला पोचल्यावर बाकीचे आत जातात आणि मी सगळ्यांच्या बॅगा, बाटल्या, डबे आणि चिल्लर सांभाळत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतो. आतला गलका तिथपर्यंत येतो. परवाच्या खेपेला असाच मोठा कल्लोळ उठला, तेव्हा शेजारच्या चणेवाल्याने विचारलं, "काका, विकेट पडली का सिक्स गेला?" मी गलका किती वेळ टिकला, मधे किती दबला, याचा मनातल्या मनात नीट हिशेब केला आणि ठामपणे सांगितलं, "सिक्स."

त्याने माझ्याकडे बघितलं, बॅगांच्या ढिगाकडे बघितलं, आणि पलीकडच्या टॅक्सीवाल्याला विचारायला गेला.